पंपाचा सेट अंगावर कुठे लावायचा? नव्याने इन्सुलिन पंप घेणाऱ्यांसाठी

इन्सुलिन पंप घरी आला की शिकवणीचा बहुतेक वेळ बटणांत जातो. बेसल (दिवसभर थेंबाथेंबाने जाणारं इन्सुलिन) कसं भरायचं, बोलस (जेवणाच्या वेळचा किंवा शुगर उतरवायचा एकरकमी डोस) कसा द्यायचा, अलार्म वाजला तर काय करायचं. सेट, म्हणजे पंपातलं इन्सुलिन नळीतून त्वचेखाली पोहोचवणारा चिकटणारा भाग, अंगावर कुठे लावायचा हा विषय शेवटी येतो आणि "पोटावर लावा, बेंबीपासून जरा लांब" एवढ्यावर उरकतो. पण पंपासोबत राहताना दिवसभर टोचणार, ओढलं जाणार, घामाने सुटणार ते नेमकं हेच ठिकाण. बटणं आठवडाभरात हातात बसतात. जागांचं गणित बसायला काही महिने लागतात, आणि ते आपलं आपल्यालाच बसवावं लागतं.

त्यात जोखीमही आहे. इन्सुलिनच्या पेनवर असताना दिवसातून एकदा-दोनदा घेतलेलं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन पाठीशी असतं. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, थेंबाथेंबाने जाणारं. कॅन्युला (सेटची त्वचेखाली राहणारी बारीक नळी) दुमडला किंवा सेट निघाला की शरीरात शिल्लक काही राहत नाही. काही तासांत शुगर चढते आणि इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं तयार होऊ लागतात. त्यामुळे जागा निवडताना दोन प्रश्न सोबत ठेवा: दिवसभरात इथे काय काय येऊन दाबणार आहे, आणि इथली त्वचा अजून निरोगी आहे का? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विसरला जातो, कारण जुनी, वापरून वापरून घट्ट झालेली जागा दुखत नाही. सवयीची, न दुखणारी जागा हीच मला सगळ्यात संशयास्पद वाटते. का ते पुढे येईलच.

पायरी १: हातातला सेट ओळखा

साधारण तीन प्रकार भेटतात.

सरळ ९० अंशांत जाणारा मऊ टेफ्लॉनचा कॅन्युला. लांबी ६ किंवा ९ मिमी. इन्सर्टर (सेट टोचून देणारं छोटं साधन) त्वचेवर टेकवून दाबलं की काम झालं, म्हणून नवख्यांना बहुधा हाच दिला जातो.

तिरका सेट, ३० ते ४५ अंशांत सरकवायचा. याची लांबी १३ किंवा १७ मिमी असते. आकडा ऐकून घाबरू नका. तिरका जात असल्याने तो तेवढा खोल जात नाही. अंगावर चरबी कमी असलेल्यांना किंवा सतत हालचाल होणाऱ्या जागी तो सरळ सेटपेक्षा चांगला टिकतो. फक्त तो लावायला हात बसावा लागतो.

तिसरा स्टीलचा. यात बारीक सुईच त्वचेखाली राहते. ऐकायला नको वाटतं, पण सुई दुमडत नाही हा तिचा मोठा गुण. ज्यांचे टेफ्लॉनचे सेट वारंवार वाकतात त्यांनी एकदा तरी स्टील वापरून पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. स्टीलचा सेट दर दोन दिवसांनी बदलायचा, टेफ्लॉनचा साधा सेट दोन ते तीन दिवसांनी. सात दिवस चालणारे खास सेटही निघाले आहेत, पण म्हणून साधा सेट सात दिवस ओढता येत नाही. सेट महाग आहेत, आपल्याकडे हा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच होतो, आणि "आज राहू दे, उद्या बदलू" हा मोह प्रत्येकाला होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी जागा लाल होते, शुगर हट्टी होते, आणि वाचवलेले पैसे जास्तीच्या इन्सुलिनमध्ये आणि स्ट्रिप्समध्ये जातात.

लांबीबद्दल एक गैरसमज आहे. माणूस बारीक असो वा जाड, त्वचेची स्वतःची जाडी साधारण दोन-अडीच मिमीच असते. तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायू. इन्सुलिन पोहोचायला हवं ते चरबीत. म्हणून ६ मिमीचा कॅन्युला बऱ्याच जणांना पुरतो. पोट सुटलंय म्हणजे लांबच लागणार असं नाही. उलट बारीक अंगाच्या माणसाने ९ मिमीचा सरळ सेट लावला तर तो स्नायूत जाऊ शकतो. मग हालताना कळ येते आणि इन्सुलिन कधी भराभर शोषलं जातं, कधी नाही.

नळीची लांबीही जागेवर ठरते. पोटावर सेट आणि कमरेला पंप असेल तर ६० सेंमी भरपूर होते. सेट मांडीवर आणि पंप ब्लाउजमध्ये असेल, किंवा उंची चांगली असेल, तर ८० सेंमी किंवा त्याहून लांब घ्या. जास्तीची नळी कपड्याच्या आत खोचा. बाहेर लोंबणारी नळी दाराच्या कडीत, ड्रॉवरच्या मुठीत आणि लहान मुलाच्या मुठीत हमखास सापडते.

पायरी २: रोजचे कपडे घालून नकाशा काढा

हे काम सेट लावायच्या आदल्या दिवशी, आरशासमोर, घाई न करता करा. धुतल्यावर जाणारं पेन घ्या, काजळाची पेन्सिलही चालते. जे कपडे आठवड्यातले बहुतेक दिवस घालता ते घाला आणि बेल्ट, नाडी किंवा इलॅस्टिक जिथे दाबतं तिथे त्वचेवर रेघ ओढा. मग खुर्चीवर बसा, मांडी घालून बसा, उकिडवे बसा, बुटाची नाडी बांधायला वाका. पोटाला जिथे घडी पडते तिथे फुली मारा. ज्या कुशीवर झोपता तिकडे आणखी एक खूण करा. आता दोन बोटांच्या चिमटीत चरबी सहज येते आणि ज्यावर रेघ नाही, फुली नाही, अशा जागा उरतील. त्या तुमच्या.

साडी नेसणाऱ्यांना हा नकाशा फार उपयोगी पडतो. परकराची नाडी रोज जवळपास एकाच उंचीवर बसते आणि तिची गाठ एका बाजूला येते. गाठीखाली सेट आला तर दिवसभर रुतत राहतो. निऱ्यांचा जाड गठ्ठा बेंबीच्या खाली खोचला जातो, त्यामुळे तो मधला पट्टा तसाही बाद. नाडीच्या रेघेपासून तीन बोटं वर किंवा खाली आणि मध्यापासून बाजूला सरकलात की जागा मिळते. नऊवारीत कासोटा मागे कमरेच्या मध्यावर खोचतात, म्हणून लग्नाकार्याच्या आठवड्यात पाठीच्या मध्याजवळच्या जागा टाळा. सलवारच्या नाडीला हेच नियम. लेगिंग्ज वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: घट्ट लेगिंग्ज ओढून चढवताना मांडीवरचा सेट सोबत वर येतो. आधी हाताने सेट झाकायचा, मग कपडा वर सरकवायचा. उतरवतानाही तसंच.

पुरुषांसाठी मुख्य शत्रू बेल्ट. बसल्यावर पोट बेल्टवर येतं आणि उभं असताना मोकळी वाटणारी जागा दाबली जाते, म्हणून खुणा बसूनही करायच्या.

गाडी चालवणाऱ्यांनी सीटबेल्टही धरावा. आपल्याकडे चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येऊन डाव्या कमरेशी अडकतो. शेजारी बसणाऱ्याचा बरोबर उलटा. लांबच्या प्रवासाआधी सेट बदलणार असाल तर बकलची बाजू सोडा. लहान मूल कडेवर घेणाऱ्यांना आपली कडेची बाजू कोणती हे वेगळं सांगायला नको. त्या बाजूची कंबर मूल मोठं होईपर्यंत विसरायची.

पायरी ३: जागा एकेक करून पाहा

*पोट.* सुरुवात इथूनच करा. दिसतं, हात पोहोचतो, चरबी बहुतेकांना असते, आणि इन्सुलिन इथून सगळ्यात लवकर आणि त्यातल्या त्यात भरवशाने शोषलं जातं. बेंबीभोवती सगळ्या बाजूंनी ५ सेंमी, म्हणजे साधारण तीन बोटं, मोकळी सोडायची. बरगड्यांच्या खालच्या कडेपासून खाली आणि जांघेच्या घडीपासून वर एवढा पट्टा मिळतो. सिझेरियनचा किंवा अपेंडिक्सचा व्रण, ताणाच्या पांढऱ्या रेषा, तीळ, पुरळ आलेली त्वचा या सगळ्यांपासून दूर. वर्षानुवर्षं पेन टोचलेलं पोट असेल तर आधी पायरी ४ वाचा.

*कमरेच्या बाजू.* पोट संपून पाठ सुरू होते तिथला, पँटवरून बाहेर डोकावणारा मऊ भाग. मला ही जागा सगळ्यात आवडते. वाकताना घडी पडत नाही, चरबी चांगली असते, आणि बऱ्याच जणांनी इथे कधी पेन टोचलेलं नसतं, त्यामुळे त्वचा ताजी. अडचण एकच, सेट लावताना दिसत नाही. आरसा घ्या किंवा घरच्यांपैकी कुणाला शिकवून ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांनी ज्या कुशीवर झोपता तिच्या उलट बाजूला लावावा.

*नितंबाचा वरचा, बाहेरचा भाग.* खिसा असतो त्याच्याही वर, बसताना ज्यावर भार येत नाही तो भाग. लहान मुलांसाठी उत्तम, कारण त्यांचा हात तिथे सहज जात नाही आणि डोळ्यांसमोर नसल्याने ती सेट विसरतात. शोषण पोटापेक्षा सावकाश होतं. बाथरूममध्ये कपडे खाली-वर करताना अंगठा सेटमध्ये अडकतो, एवढं सांभाळा.

*मांडी.* पुढचा आणि बाहेरचा भाग, वरच्या अर्ध्यात. आतली बाजू नको, चालताना घासते. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. शोषण पोटापेक्षा हळू; पण चाललं, सायकल मारली, जिने चढले की स्नायूंकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन एकदम वेगाने उचललं जातं. ट्रेकला निघताना किंवा नवरात्रात गरब्याला जाताना मांडीवर सेट असेल तर शुगर अचानक खाली येऊ शकते. शिवाय मांडी हा सहसा चरबी कमी असलेला भाग, म्हणून तिरका किंवा आखूड स्टीलचा सेट बरा. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्यांनी लावण्याआधी तशा स्थितीत बसून पाहावं.

*दंड.* मागचा, बाहेरचा मऊ भाग. एका हाताने लावणं अवघड, नळी बाहीतून आणावी लागते, आणि लोकलच्या गर्दीत तो दंड कशावर घासेल याची खात्री नाही. अनेकांचा शुगर सतत मोजणारा सेन्सर तिथेच असतो. राखीव जागा म्हणून ठेवा.

सेन्सर वापरत असाल तर सेट त्याला चिकटून नको. किती अंतर ठेवायचं ते सेन्सरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा.

आजची जलद इन्सुलिनं, म्हणजे लिस्प्रो, अस्पार्ट वगैरे, यांच्यात जागेनुसारचा फरक जुन्या इन्सुलिनइतका मोठा राहिलेला नाही, पण तो गेलेलाही नाही. म्हणून नवीन भागात पहिल्यांदा सेट लावलात की ते तीन दिवस जेवणानंतरची शुगर वहीत किंवा मोबाइलमध्ये वेगळी लिहून ठेवा. "मांडीवर असताना नाश्त्यानंतर चढते" असं काही दिसलं तर ते डॉक्टरांना दाखवता येतं. नुसतं "हल्ली शुगर वर-खाली होते" एवढ्यावरून त्यांनाही काही कळत नाही.

पायरी ४: गाठी शोधा

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा इन्सुलिन गेलं की तिथली चरबी फुगते आणि घट्ट होते. कधी गाठ दिसते, कधी फक्त हाताला लागते. अशा जागेत सुई गेलेली कळत नाही, कारण तिथली संवेदना कमी झालेली असते. म्हणून माणूस आपसूक तिथेच परत जातो आणि गाठ आणखी वाढते. आतलं इन्सुलिन मात्र मनाला येईल तेव्हा रक्तात उतरतं: आज दोन तासांनी, उद्या पाच तासांनी.

शोधायचं कसं? अंघोळीत, साबणाच्या ओल्या हाताने. बोटं सपाट ठेवून पोटावर, कमरेवर, मांडीवर हळू फिरवा. निरोगी भाग सैल आणि एकसारखा लागतो. गाठ असेल तिथे बोट अडतं, रबरासारखं घट्ट किंवा उशीसारखं जाड काहीतरी लागतं. दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहा. कपाटातल्या आरशात बाजूने, तिरप्या उजेडात पाहिलं तर उंचवटे दिसतात. काही जणांना उलट खड्डा पडतो. तीही जागा बाद.

सापडलेल्या गाठीभोवती पेनाने रिंगण करा, फोटो काढून ठेवा आणि त्या भागाला पूर्ण सुट्टी द्या. सुट्टी आठवड्यांची नाही, महिन्यांची. चोळून किंवा शेकून ती लवकर जिरत नाही.

इथे एक धोका आहे आणि तो आधी कुणी सांगत नाही. गाठीतून निरोगी जागेवर गेलात की तेच इन्सुलिन नीट शोषलं जातं आणि जुना डोस जास्त पडू शकतो. पहिले काही दिवस शुगर घसरण्याची शक्यता धरून चाला, रात्री एकदा तपासा, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर उशाशी ठेवा, आणि बदल करण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.

पायरी ५: फेरपालट ठरवा

शेतकरी पिकांची फेरपालट करतो तशी जागांची करायची. "आठवेल तशी बदलू" याने होत नाही, कारण हात सवयीच्या जागी जातो.

हिशोब सोपा आहे. दर तीन दिवसांनी सेट म्हणजे महिन्याला साधारण दहा. दोन सेटांमध्ये किमान अडीच सेंमी, म्हणजे दोन बोटांचं अंतर. नकाशातून वीस जागा निघाल्या तर एका जागेवर परत यायला दोन महिने लागतात, आणि त्वचेला तेवढा वेळ मिळाला की ती सुस्थितीत राहते. वीस निघाल्या नाहीत तरी बारा-चौदा बहुतेकांच्या निघतात.

क्रम कसा लावायचा हे तुमच्यावर. काही जण पोटाचे घड्याळासारखे भाग पाडतात आणि काट्याच्या दिशेने सरकतात. मला बाजू बदलत जाणं सोपं वाटतं: उजवं पोट, डावं पोट, उजवी कंबर, डावी कंबर, आणि पुढच्या फेरीत त्याच भागात दोन बोटं पुढे. आधीच्या सेटचा लाल ठिपका दिसत असतो, तीच खूण. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात "डा. कं." एवढं लिहिलं तरी पुरे. मोबाइलमध्ये शरीराच्या आकृतीवर खुणा करणारेही आहेत.

पायरी ६: लावताना

वेळ सकाळची निवडा, शक्यतो जेवणाच्या बोलसच्या आधीची. त्या बोलसने नवा सेट चालतो की नाही हे लगेच कळतं. रात्री झोपताना सेट बदलू नका. बिघडला तर पहाटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

हात साबणाने धुवा. जागा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर चिकटपट्टी बसत नाही आणि ओलं स्पिरिट सुईसोबत आत गेलं की झोंबतं. केस दाट असतील तर कापा. वस्तरा मारायचा असेल तर आदल्या दिवशी, त्याच वेळी नको. नळीत हवेचे बुडबुडे नाहीत आणि टोकाला थेंब येतोय हे सेट अंगाला लावण्याआधी पाहायचं. नळी भरताना ती अंगाला जोडलेली नसावी. हा नियम मोडला तर नको असलेलं इन्सुलिन थेट शरीरात जातं.

लावताना उभे राहा किंवा आरामात मागे टेका, पण पोट आत ओढू नका. बारीक व्यक्तीने चिमटीत धरून लावावा. कॅन्युला आत गेल्यावर आतली सुई सरळ बाहेर काढा, मग कॅन्युला भरण्याचा डोस द्या. तो सेटच्या लांबीवर ठरतो. ६ मिमीच्या अनेक सेटना ०.३ युनिट लागतं, तुमच्या सेटचा आकडा पाकिटासोबतच्या कागदावर पाहा. स्टीलच्या सेटला हा टप्पा नसतो.

पहिल्या मिनिटाला थोडी चुणचुण होणं ठीक. पाच-दहा मिनिटांनीही टोचत असेल, वाकल्यावर कळ येत असेल, तर सेट काढा आणि दुसरीकडे लावा. "होईल सवय" म्हणत तीन दिवस काढू नका. टोचणारा सेट बहुतेक वेळा चुकीच्या थरात असतो. एक ते दोन तासांनी शुगर तपासा.

सेट काढल्यावर त्या छिद्रातून थोडं इन्सुलिन बाहेर येऊ शकतं. म्हणून पंप शिकवणारे काही जण जुना सेट नव्यानंतर तासाभराने काढायला सांगतात. काढायला विसरला नाहीत तर ही पद्धत चांगली.

पायरी ७: घाम, तेल, पाऊस

मे महिन्यातली मुंबई किंवा रत्नागिरी, आणि त्यानंतरचे चार पावसाळी महिने, इथे चिकटपट्टीची खरी परीक्षा. सेटच्या कडा सुटल्या की कॅन्युला अर्धा बाहेर येतो आणि वरून काहीच कळत नाही.

सर्वात मोठं कारण तेल. अंगाला खोबरेल लावायची सवय असेल तर सेटच्या जागा वगळून लावा. दिवाळीत अभ्यंगस्नान करणार असाल तर जुना सेट लावूनच तेल-उटणं-अंघोळ उरका, मग साबणाने जागा धुऊन, कोरडी करून नवा लावा. सुगंधी साबण आणि मॉइश्चरायझरचाही थर राहतो. घाम फार येत असेल तर औषधाच्या दुकानात त्वचेवर संरक्षक थर देणारे वाइप्स किंवा स्प्रे मिळतात. ते लावून वाळू द्या आणि त्यावर सेट. वरून मायक्रोपोरची (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) पट्टी चौकोनी चौकटीसारखी चारही कडांवर मारली की आंघोळीत टिकते. सेटपासून थोडं पुढे नळीचा एक छोटा फेरा करून तोही पट्टीने चिकटवा: नळी ओढली गेली तर ओढ फेऱ्यावर येते, कॅन्युलावर येत नाही.

पट्टीनेच खाज आणि चौकोनी लाली येत असेल तर ब्रँड बदलून पाहा, आणि फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काढताना खसकन ओढू नका; कडेला थोडं बेबी ऑइल चोळलं की पट्टी सुटते. पण मग ती जागा साबणाने धुवायला विसरू नका.

कडक गरम पाण्याची अंघोळ किंवा शेक यांनी सेटभोवतीचं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. गुडघ्याला शेक देताना मांडीवरच्या सेटला लागू नये.

जागा बिघडली हे कसं ओळखायचं

रोज दोनदा, सकाळी आणि झोपताना, सेटकडे बघा आणि हात फिरवा. लाली, सूज, गरमपणा, पू, नळीत रक्त, पट्टीखाली ओल: यातलं काहीही दिसलं की तीन दिवस पूर्ण होण्याची वाट पाहू नका. इन्सुलिनला दवाखान्यासारखा ठसठशीत वास असतो. कपड्याला किंवा सेटला तो आला तर इन्सुलिन बाहेर गळतंय. पू आणि ताप असेल तर डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

काहीच दिसत नाही पण शुगर २५० च्या वर गेली, पंपाने दुरुस्तीचा डोस दिला आणि दोन तासांनीही ती उतरत नाही, तर दोष सेटचा धरा. कीटोन तपासा. पुढचा डोस पेनने किंवा सिरिंजने द्या, त्या सेटमधून नाही, आणि नवा सेट दुसऱ्या भागात लावा. सिरिंज घेताना नीट पाहा: पंपातलं इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचं असतं, त्याला केशरी टोपणाची सिरिंज लागते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंजही मिळते. तिने १०० चं इन्सुलिन मोजलं तर डोस अडीचपट जातो. पेन बाळगलं तर हा गोंधळच होत नाही.

पंप ऑटो मोडवर, म्हणजे सेन्सर पाहून स्वतःच डोस कमी-जास्त करण्यावर, असेल तर पेनने दिलेलं इन्सुलिन त्याला माहीत नसतं. अशा वेळी किती तास मॅन्युअलवर ठेवायचं हे प्रशिक्षकांना आजच विचारून लिहून ठेवा. रक्तातले कीटोन १.५ च्या पुढे असतील तर डॉक्टरांना फोन, ३ च्या पुढे किंवा सोबत उलट्या असतील तर थेट हॉस्पिटल.

पर्समध्ये किंवा ऑफिसच्या खणात एक जादा सेट, रिझर्व्हॉयर (पंपात बसणारी इन्सुलिनची कुपी), इन्सुलिन पेन आणि कीटोनच्या स्ट्रिप्स ठेवायच्या.

मुलं, बारीक अंगाची माणसं, गरोदरपण

मुलाच्या बाबतीत जागा मुलाला निवडू द्या, पण तुम्ही आखलेल्या चार पर्यायांतून. "आज उजवीकडे की डावीकडे?" एवढा अधिकार मिळाला की लावतानाचा निम्मा तमाशा कमी होतो. भीती फार असेल तर त्वचा बधिर करणारं मलम मिळतं. डॉक्टरांना विचारून, तासभर आधी लावून वरून झाकायचं, मग पूर्ण पुसून, धुऊन, वाळवून सेट लावायचा. शाळेत बाकाला टेकून पाठीवर दाब येतो आणि दप्तर कमरेवर आदळतं, म्हणून शाळेच्या दिवसांत नितंबाचा वरचा भाग, सुट्टीत पोट, अशी वाटणी करता येते. पी.टी.च्या बाईंना आणि वर्गशिक्षकांना सेट कुठे आहे ते सांगून ठेवा; पाडापाडीच्या खेळानंतर तो जागेवर आहे का एवढं त्यांनी विचारलं तरी खूप.

बारीक माणसाला जागा कमी मिळतात आणि त्या लवकर थकतात. तिरका किंवा आखूड स्टीलचा सेट, चिमटीत धरून लावणं, आणि कमरेच्या मागच्या भागाचा भरपूर वापर, हे त्यावरचे मार्ग.

गरोदरपणात पहिले महिने पोट चालतं. पुढे त्वचा ताणली जाते, पट्टी धरत नाही, कॅन्युला दुखतो. तेव्हा कमरेच्या बाजू, नितंबाचा वरचा भाग आणि दंड यांच्यावर भिस्त ठेवा. इन्सुलिनची गरज वाढलेली असते आणि कीटोन या काळात लवकर चढतात, म्हणून सेट दोन दिवसांनीच बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. अनेक जणी स्टीलवर जातात ते यासाठीच. सिझेरियनची तारीख ठरली असेल तर त्या दिवशी पंप चालू ठेवायचा का आणि सेट कुठे असावा हे आधीच्या भेटीतच विचारा. चालू ठेवायचं ठरलं तर पोटापासून आणि ज्या हाताला सलाइन लागणार त्या दंडापासून दूर, आदल्या दिवशी सकाळी लावलेला आणि चालतोय याची खात्री झालेला सेट हवा. तो नेमका कुठे आहे हे भूलतज्ज्ञांच्या कागदावरही लिहून घ्या.